एकाच मांडवांतून पळालेले दोन बटु

पुण्यास आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं कांहीं वर्षांपूर्वीं जोडमुंज झाली. थोरल्या भावाचा मुलगा आणि धाकट्या भावाचा मुलगा, दोघेहि आठव्या वर्षांत. घर एकत्र, तेव्हां खर्चहि एकत्र, असा सोयीचा विचार करून आजोबांनीं दोघांसाठीं एकच मुहूर्त धरला होता. सकाळीं मातृभोजन झालें, केशवपन झालें, दोघांनाहि न्हाऊं घालून मुंडावळ्या बांधल्या, भटजींनीं अंतरपाट धरले, आणि पहिलें मंगलाष्टक संपून अक्षता पडतात न पडतात तोंच दोन्ही बटु मांडवांतून नाहींसे झाले!

एक सांपडला कोठीच्या खोलींत, तांदळाच्या पोत्यामागें, दोन्ही हातांनीं कान घट्ट दाबून बसलेला. दुसरा सांपडला मागल्या अंगणांत, आचाऱ्याच्या कढईपासून हातभर अंतरावर. जिलबीचीं वेटोळीं कशीं पडतात तें मान वाकडी करून तो पाहत होता. मुहूर्ताची घटका टळूं नये म्हणून दोघांनाहि धरून आणलें. पहिला किंचाळत होता, दुसरा हंसत होता. पाहुण्यांत कुजबूज झाली ती मात्र दोघांविषयीं एकच. कोणी म्हणालें, "फार लाडावून ठेवलीं आहेत." कोणी म्हणालें, "आयांचा धाक म्हणून नाहीं." आजीबाईंनीं आपल्यापरी नातवांची बाजू घेतली. सुनांकडे वळून त्या म्हणाल्या, "अगं, ह्यांचे बाप तरी काय कमी होते? त्यांच्या मुंजींतहि हाच गोंधळ!"

आजीबाईंच्या ह्या वाक्याकडे आम्हांस पुढें परत यावयाचें आहे. तें दिसतें तितकें साधें नाहीं.

मुंजीनंतर सहा महिन्यांनीं शाळेचीं प्रगतिपुस्तकें आलीं. दोघांच्या तुकड्या निराळ्या, शिक्षिका निराळ्या. पण शेरा जवळजवळ अक्षरशः एक: लक्ष नसतें, जागेवर बसत नाहीं, सांगितलेलें ऐकत नाहीं. आजोबा चिडले. पण दोन्ही जावांनीं ह्या खेपेस मनाचा निश्चय केला व मुलांस बालविकासाच्या तज्ज्ञ अशा एका डॉक्टरीणबाईंकडे नेलें. चार-पांच भेटी झाल्या. बाईंनीं मुलांशीं खेळून पाहिलें, शाळेंतून माहिती मागविली, दोघांच्याहि जन्मापासूनच्या हकीकती आयांकडून खोदखोदून विचारल्या आणि मग आपला अभिप्राय दिला. कोठींत लपलेल्या मुलास स्वमग्नता, म्हणजे ज्यास ऑटिझम म्हणतात ती अवस्था होती. कढईपाशीं सांपडलेल्यास ए. डी. एच. डी., म्हणजे अवधानाची अस्थिरता व अतिचंचलता. मांडव एक, पळणें एक, शेरा एक; आणि कारणें दोन!

नांवांविषयीं येथें दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण ह्या दोन्ही नांवांनीं पुष्कळ गैरसमज माजविले आहेत. मराठींत रूढ झालेला स्वमग्नता हा शब्द आम्हांस पुरता पटत नाहीं. मूल स्वतःच्याच ठिकाणीं रमलेलें असतें असा त्यावरून ग्रह होतो. वस्तुतः पुष्कळदां तें बाहेरच्या जगाच्या माऱ्यानें बेजार झालेलें असतें. कोठींतल्या मुलानें पुढें एकदां आपल्या काकूस सांगितलें कीं, "सनई माझ्या दातांत शिरते आणि तांदूळ टोचतात." नुकत्याच वस्तरा फिरलेल्या डोक्यावर अक्षतांचा पाऊस! आपल्यासारख्यांस जो केवळ मंगल स्पर्श, तो त्याला शंभर सुया टोंचल्यासारखा वाटला. दुसऱ्या नांवांतहि अशीच खोड आहे. ह्या मुलांत अवधानाची उणीव आहे असें म्हणतात. परंतु जो मुलगा अर्धा तास एका कढईकडे पापणी न लववितां पाहूं शकतो त्याच्यापाशीं अवधान नाहीं असें कसें म्हणावें? अवधान आहे, पुष्कळ आहे. तें त्याच्या स्वतःच्या हुकमतींत नाहीं, एवढेंच. मन ज्याकडे ओढ घेईल तिकडे तें धांवतें, आणि जेथें लावावें म्हणून सांगितलें तेथें ठरत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. घरांत आपण मुलाचें वागणें पाहतों. त्याच्या वागण्यामागचें कारण पाहत नाहीं. आणि ह्या दोन अवस्था एकमेकींशीं इतक्या मिळत्याजुळत्या दिसतात त्याचें कारणहि हेंच.

हांक मारल्यावर ओ न देण्याचें उदाहरण घ्या. बालविकासाचे तज्ज्ञ असें मूल आलें कीं सर्वांत आधीं त्याचे कान तपासून घेण्यास सांगतात, आणि तें योग्यच आहे. कमी ऐकूं येणाऱ्या कित्येक मुलांनीं उगाच मार खाल्लेला आहे. कान ठीक आहेत असें ठरलें म्हणजे मग पाहावें. अतिचंचल मूल हांक ऐकतें, बहुधा "आलों!" असेंहि म्हणतें, उठतें, आणि माजघरांतून स्वयंपाकघरांत पोंचेपर्यंत वाटेंत पडलेला चेंडू, खिडकींतली खार व भावाच्या हातांतलें चित्र ह्यांनीं त्याची वाट तीनदां वळविलेली असते. स्वमग्न मुलाचें तसें नसतें. त्याच्या कानीं आईची हांक, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा भोंगा हीं सर्व एकाच पातळीवर येतात. माणसाचा आवाज, त्यांतूनहि आपलें नांव, हें इतर आवाजांतून वर उठून त्याला धरीत नाहीं. शिवाय हांकेला उत्तर द्यावयाचें असतें ही अलिखित रीत, जी इतर मुलें कोणी न शिकवितां उचलतात, ती त्याला शिकवावी लागते.

दुसऱ्याचें बोलणें मधेंच तोडणें हीहि तक्रार दोघांविषयीं येते. अतिचंचल मुलास नियम ठाऊक असतो. तोंडांतला शब्द आवरण्याइतका दम त्याच्यापाशीं नसतो. त्याला टोंकलें तर तें ओशाळतें, आणि पुढल्याच मिनिटाला पुन्हां तेंच करतें. स्वमग्न मुलास आपली पाळी केव्हां आली, समोरचा मनुष्य कंटाळला कीं काय, तो थट्टेनें बोलतो कीं रागानें, हीं चेहऱ्यावरचीं व आवाजांतलीं लहान लहान चिन्हें वाचतां येत नाहींत. तें आगगाडीच्या वेळापत्रकाविषयीं बोलूं लागलें कीं स्टेशनांमागून स्टेशनें येत राहतात. त्याला टोंकलें तर तें ओशाळत नाहीं, गोंधळतें. हा ओशाळणें व गोंधळणें ह्यांतील भेद लहानसा दिसतो. पण आईच्या नजरेनें तो टिपला तर डॉक्टरांचें निम्में काम होतें, असें त्या डॉक्टरीणबाईंनीं आम्हांस सांगितलें.

मित्रांचेंहि तसेंच. अतिचंचल मूल सकाळीं चार मित्र जोडतें व संध्याकाळपर्यंत दोन गमावतें, कारण त्याला फलंदाजीची पाळी येईपर्यंत थांबवत नाहीं. स्वमग्न मूल क्रीडांगणाच्या कडेला उभें असतें. खेळांत शिरावयाचें कसें हेंच त्याला उमगत नाहीं, अथवा तें शिरलें तर खेळ कालच्याच नियमांनीं, कालच्याच क्रमानें व्हावा असा हट्ट धरतें. एकाला रोजचें तेंच तें नकोसें होतें, दुसऱ्याला रोजचें तेंच तें मोडलें कीं आकाश कोसळल्यासारखें होतें. ताटांत वरणाचा ओघळ भाजीला लागला म्हणून रडणारें मूल आणि जेवतां जेवतां ताटावरून तीनदां उठणारें मूल, दोघांनाहि आपण 'जेवणाचें फार नाटक' ह्या एकाच शब्दांत गुंडाळतों. हातापायांचा चाळाहि असाच फसवा. अतिचंचल मुलाचा चाळा क्षणाक्षणाला बदलतो. स्वमग्न मुलाची हालचाल बहुधा तीच ती असते, हात फडफडविणें, डोलणें, चाक फिरवीत राहणें. तिनें त्याला स्वस्थता येते, म्हणून ती बळेंच बंद करूं नये.

ह्या सर्वांहून जुनी, अगदीं पाळण्याजवळची एक खूण आहे. कडेवरचें मूल चांदोबाकडे बोट दाखवितें आणि लगेच वळून आईच्या तोंडाकडे पाहतें: तूंहि पाहिलास ना? मागण्यासाठीं बोट दाखविणें निराळें. हें नुसतें दाखविण्यासाठीं, आनंद वांटून घेण्यासाठीं. साधारणतः दीड वर्षाच्या आंत बहुतेक मुलें हें करूं लागतात. स्वमग्नतेंत ही गोष्ट उशिरा येते अथवा येतच नाहीं. केवळ अतिचंचल असलेल्या मुलांत ती बहुधा वेळेवर आलेली असते. कोठींतल्या मुलाच्या आईला डॉक्टरीणबाईंनीं हेंच विचारलें तेव्हां ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाहीं. चंद्र हवा असला तर तो माझा हात धरून वर करीत असे. पण माझ्याकडे कधीं वळून पाहिल्याचें आठवत नाहीं." ही आठवण सात वर्षें तिच्या मनांत होती, तिला कोणी विचारलें मात्र नव्हतें.

आतां थोडा इतिहास. ह्या दोन अवस्था वैद्यकांत दोन निराळ्या दारांनीं आल्या. १९०२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्यें जॉर्ज स्टिल ह्या बालरोगतज्ज्ञानें तीन व्याख्यानें दिलीं. बुद्धीनें बरीं, परंतु स्वतःला आवरूं न शकणारीं, लक्ष न टिकविणारीं मुलें त्यानें त्यांत वर्णन केलीं, आणि ह्या दोषाला त्यानें नैतिक संयमाचा अभाव असें म्हटलें. स्टिलचा आशय आपण समजतों त्याहून व्यापक होता. तथापि नैतिक हा शब्द चिकटला तो चिकटलाच. दुसऱ्या दारानें स्वमग्नता आली. मॉस्कोंतील ग्रुन्या सुखारेवा ह्या बाईंनीं सहा मुलांचें बारकाईनें केलेलें वर्णन १९२६ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झालें. पण जगानें तें वाचलें न वाचल्यासारखें केलें. १९४३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोर येथें लिओ कॅनर ह्यांनीं आठ मुलगे व तीन मुली अशा अकरा जणांविषयीं जो लेख लिहिला, तेव्हांपासून ही अवस्था स्वतंत्र नांवानें ओळखली जाऊं लागली. पुढल्याच वर्षीं व्हिएन्नांत हान्स अ‍ॅस्पर्गर ह्यांनीं चार मुलांविषयीं लिहिलें. त्यांचें नांव कित्येक वर्षें आदरानें घेतलें गेलें. नाझी राजवटींत कांहीं दुर्बल मुलांस मरणाच्या दारीं धाडण्याच्या कामीं त्यांचा हात लागला होता, हें २०१८ सालीं कागदपत्रांवरून उघड झालें.

ह्यानंतरचें प्रकरण आयांच्या दृष्टीनें फार कडू आहे. मूल स्वमग्न होतें तें आईच्या थंडपणामुळें, अशी एक उपपत्ति पसरली. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम ह्यांनीं १९६७ च्या आपल्या ग्रंथानें तिला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. वास्तविक त्यापूर्वींच, १९६४ सालीं, बर्नार्ड रिमलंड ह्या मानसशास्त्रज्ञानें तिचें खंडन केलेलें होतें. रिमलंड स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. १९७७ सालीं सुसान फोल्स्टीन व मायकेल रटर ह्यांनीं जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या अकरा जोड्यांपैकीं चारांत दोन्ही भावंडें स्वमग्न निघालीं. दोन बीजांपासून झालेल्या दहा जोड्यांत एकहि तशी निघाली नाहीं. आईच्या मायेंत उणें असतें तर असा भेद पडला नसता. पुढें १९९८ सालीं लशीवर खापर फोडणारा एक लेख लंडनच्या लॅन्सेट पत्रांत आला; त्यांतील खोटेपणा उघडकीस येऊन २०१० सालीं तो मागें घ्यावा लागला, पण त्याची हूल अजून कोठें कोठें ऐकूं येते. दूरदर्शनाचा पडदा आणि मोबाइल ह्यांचा अतिरेक मुलांस वाईटच. परंतु ह्या दोन अवस्थांचें मूळ तेथें नाहीं.

आणि आतां आजीबाई. "ह्यांचे बाप तरी काय कमी होते?" हें वाक्य घरोघर ऐकूं येतें, आणि तें बोलणाऱ्याच्या मनांत असतें तें असें कीं, बाप पुढें सुधारला, हाहि सुधारेल, डॉक्टर कशाला? ह्यांतील पहिला भाग शास्त्रशुद्ध आहे! अतिचंचलतेंत आनुवंशिकतेचा वांटा शेंकडा सत्तराहून अधिक व स्वमग्नतेंत ऐंशीच्या आसपास, असे मोठ्या पाहण्यांचे अंदाज आहेत. ही आनुवंशिकता दोन अवस्थांत बरीचशी समाईकहि आहे. स्वीडनमधील लाखों लोकांच्या नोंदींवरून असें दिसलें आहे कीं, एका भावंडांत स्वमग्नता असली तर सख्ख्या भावंडांत अतिचंचलता असण्याचा संभव इतर घरांपेक्षां अधिक. तेव्हां आजीबाईंचें निरीक्षण खरें, निष्कर्ष मात्र चुकीचा. थोरल्या भावानें, म्हणजे कोठींतल्या मुलाच्या वडिलांनीं, एकदां आम्हांस रात्रीं गच्चीवर सांगितलें कीं शाळेच्या सहा वर्षांत त्यांना एकहि मित्र नव्हता व रोज दुपारच्या सुट्टींत ते जिन्याखालीं बसून डबा खात. "सुधारलों असें सगळे म्हणतात," ते म्हणाले, "सोसायला शिकलों, इतकेंच." हें त्यांच्या आईला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतें.

येथपर्यंत गोष्ट सरळ होती: दोन मुलें, दोन नांवें. परंतु कोठींतल्या मुलाविषयीं अडचण उरलीच. सनई नव्हती, गर्दी नव्हती, चित्रांचें वेळापत्रक भिंतीवर लावलेलें होतें, सर्व कांहीं त्याच्या मनाजोगतें होतें, तरी पांच ओळींचा अभ्यास त्याच्यानें पुरा होईना. पेन्सिल हरवे, वही हरवे, अर्धें वाक्य लिहून तो खुर्चीवरून घसरे. दोन वर्षांनीं पुन्हां तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ह्याच्यांत दोन्ही आहे."

असें होऊं शकतें काय? वाचकांस आश्चर्य वाटेल, पण २०१३ सालापर्यंत ह्याचें अधिकृत उत्तर नाहीं असें होतें. अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांची संस्था निदानाची एक संहिता प्रसिद्ध करते व जगांतील पुष्कळ डॉक्टर तिच्या आधारें चालतात. तिच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तींत नियम होता कीं, मूल स्वमग्न ठरलें म्हणजे त्याच्या चंचलतेला निराळें नांव द्यावयाचें नाहीं. ती स्वमग्नतेचाच भाग समजावी. मुलें मात्र ही संहिता वाचून जन्मास येत नव्हतीं. डॉक्टरांच्या खोलींत रोज दोन्ही लक्षणांचीं मुलें बसलेलीं असत, आणि कागदावर एकच नांव लिहिण्याची परवानगी. २०१३ च्या पांचव्या आवृत्तीनें हा नियम काढून टाकला, व जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलांत आलेल्या वर्गीकरणानेंहि दोन्ही निदानें एकत्र मान्य केलीं. आतांच्या निरनिराळ्या पाहण्यांत स्वमग्न मुलांपैकीं शेंकडा तीस ते सत्तरांपर्यंत अतिचंचलतेचीं लक्षणें आढळतात. आंकड्यांत एवढें अंतर पडतें तें कोणास मोजावें व कसें मोजावें ह्यावर. पण सर्वांत लहान आंकडा धरला तरी तो थोडा नाहीं.

उलट बाजूचा धोकाहि ध्यानांत घेण्याजोगा आहे. चंचलता डोळ्यांत भरते, म्हणून तिचें नांव आधीं मिळतें, आणि तें एकदां मिळालें म्हणजे बाकी सर्व त्याच खात्यांत जमा होतें. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत असें दिसलें कीं, ज्या मुलांस प्रथम अतिचंचल म्हटलें गेलें, त्यांची स्वमग्नता ओळखण्यास इतरांपेक्षां सरासरी तीन वर्षें अधिक लागलीं. लहान मुलाच्या आयुष्यांत तीन वर्षें म्हणजे काय हें आम्हीं सांगावयास नको.

दोन्ही एकत्र असलेल्या मुलाची अवस्था दोन स्वतंत्र दुखण्यांच्या बेरजेसारखी नसते. त्याच्या आंत सतत एक भांडण चालू असतें. एक मन म्हणतें रोजचा क्रम मोडूं नको. दुसरें त्याच क्रमाला दहा मिनिटांत कंटाळतें. एक गर्दीला भितें, दुसरें गर्दीकडे धांवतें. म्हणून तपासतांना एकानें दुसऱ्याला झांकून टाकावें असें होतें: चंचलतेमुळें तें माणसांत मिसळणारें वाटतें, आणि ठराविक क्रमाच्या हट्टामुळें शिस्तीचें वाटतें.

मुलींच्या बाबतींत हें झांकलें जाणें दुप्पट होतें. वर्गांत जी पळत नाहीं, नुसती खिडकीबाहेर पाहत बसते, तिच्याविषयीं तक्रार कोण करणार? 'फार गरीब हो' असें आपण कौतुकानें म्हणतों. चुलतबहिणींचें हंसणें, बोलणें, हातवारे पाहून पाहून ती त्यांची नक्कल करते, आणि घरीं आल्यावर दार लावून रडते. आपल्या घरांत मुलीनें गप्प बसणें हा अजूनहि गुण समजला जातो. म्हणून आमच्या भगिनींनीं दंगेखोर मुलांइतकेंच ह्या गुणी मुलींकडेहि लक्ष द्यावें अशी आमची आग्रहाची विनंति आहे.

दोन्ही अवस्था ओळखण्याची एवढी यातायात कशासाठीं, असें कोणी विचारील. ह्यासाठीं, कीं उपाय निराळे आहेत. १९३७ सालीं अमेरिकेंत ऱ्होड आयलंड संस्थानांतील एका बालरुग्णालयांत चार्लस ब्रॅडली ह्यांनीं ३० मुलांस एक उत्तेजक औषध देऊन पाहिलें, आणि त्यांतील जवळजवळ निम्मीं मुलें चळवळीं न होतां अभ्यासांत स्थिर झालीं. त्याच जातीचें मेथिलफेनिडेट हें औषध आज अतिचंचलतेसाठीं वापरतात. शंभरांत सुमारें सत्तर मुलांस त्याचा गुण येतो. पण २००५ सालच्या एका काटेकोर प्रयोगांत स्वमग्नता व चंचलता दोन्ही असलेल्या ७२ मुलांस तें दिलें तेव्हां निम्म्याच मुलांस गुण आला, आणि १३ जणांस चिडचिडीसारख्या त्रासामुळें तें बंद करावें लागलें. म्हणजे औषध निरुपयोगी नव्हे. मात्रा लहान, चाल सावकाश, आणि नजर जागती, असा धडा त्यांतून डॉक्टरांनीं घेतला. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर असें औषधच नाहीं. तेथें कामाला येतात तीं घरांतलीं साधनें: उद्यां काय होणार हें आदल्या रात्रीं सांगणें, एका वेळीं एकच गोष्ट सांगणें, 'शहाण्यासारखा वाग' ऐवजीं 'पाटावर बस' असें म्हणणें, मोठ्या आवाजाच्या जागीं कानांवर टोप्या चढविणें, आणि बोलण्याचे व वागण्याचे शिक्षक. केवळ अतिचंचल मुलास मात्र तास तास बसविण्यापेक्षां दहा मिनिटांचे तुकडे, मधें धांवण्याची मोकळीक, व चांगल्या कृतीला तेथल्या तेथें शाबासकी अधिक मानवते. पूर्ण बरें करून देण्याचें वचन देऊन मूळपेशींच्या सुया टोंचणारे, रक्तशुद्धीच्या नांवाखालीं पैसे उकळणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या दाव्यांस शास्त्राचा आधार नाहीं, आणि आमच्या माहितींतील एका घरानें तर ह्या पायीं दागिने मोडले.

सोयीविषयीं थोडें. मुंबईंत उम्मीद हें बालविकासकेंद्र २००१ पासून काम करीत आहे. ज्यांस मोठ्या शहरीं जाणें जमत नाहीं त्यांच्यासाठीं २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालीं जिल्ह्याच्या ठिकाणीं सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रें उघडण्यांत आलीं आहेत. तीं सर्व सारख्या योग्यतेचीं आहेत असें आम्ही म्हणणार नाहीं, पण तेथें विचारावें जरूर. कायद्याचा मात्र एक विचित्रपणा आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत एकवीस प्रकार सांगितले आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययनाच्या विशिष्ट अक्षमता आहेत. अतिचंचलतेचें नांव नाहीं. म्हणजे कोठींतल्या मुलास दाखला मिळूं शकतो, कढईजवळच्यास मिळत नाहीं, आणि दोघांची परीक्षा एकाच वर्गांत, एकाच बाकाच्या दोन टोंकांस! दोघांच्या आयांनीं ह्यावर बराच पत्रव्यवहार केला आहे. अजून तरी उत्तर आलेलें नाहीं.

गेल्या गणेशोत्सवांत आम्ही त्या घरीं आरतीस गेलों होतों. देवघराच्या भिंतीवर एक कागद चिकटविलेला होता, त्यावर कोठींतल्या मुलाच्या टपोऱ्या अक्षरांत आरत्यांचा क्रम लिहिलेला, प्रत्येकीपुढें मिनिटें टांकलेलीं. तो स्वतः दारापाशीं कानांवर टोप्या चढवून उभा होता. झांज कढईजवळच्याच्या हातीं होती. तिसऱ्या आरतीच्या मधेंच त्याला खिरापतीचा वास आला, आणि त्यानें एकदम 'घालीन लोटांगण' सुरूं केलें. त्याबरोबर दारांतून आवाज आला, "अजून दोन राहिल्या आहेत!" सगळे थांबले. आजोबांनीं कागदाकडे पाहिलें, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "खरें आहे. झांज घे रे, चौथीपासून." आजीबाईंनीं खिरापतीची वाटी उचलून मोठ्या नातवाच्या नजरेआड केली, आणि धाकट्याच्या हातावर मात्र, आरती संपण्याआधींच, हळूच एक चिमूट ठेवली.